भुसावळच्या काकांची हिऱ्याची अंगठी घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही अमळनेरच्या. मुलीचा साखरपुडा आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आहे आणि नवरदेवाला हिऱ्याची अंगठी घालायचं घरात ठरलंय. भुसावळला तुमच्या ओळखीचे एक काका आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या वेळी घेतलेली अंगठी ते आता विकताहेत. २०१४ चं बिल आहे: १८ कॅरेट सोनं, निव्वळ ५.९०० ग्रॅम, एक हिरा ५० सेंट (म्हणजे वजनानं अर्धा कॅरेट), सगळं मिळून १ लाख २६ हजार. हिऱ्याचं प्रमाणपत्र घर बदलताना कुठंतरी गेलं. काका १ लाख २० हजार मागताहेत आणि म्हणतात, "आज दुकानात गेलात तर दोन लाखांच्या खाली मिळणार नाही." तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हिरा खरा आहे हे कसं ओळखायचं, आणि किंमत वाजवी आहे का.

जळगावच्या सराफ बाजारात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त हिऱ्यांच्या कामात. सरळ सांगतो. अंगठी घ्यायला हरकत नाही, पण या किमतीला नाही, आणि हिरा कोंदणातून सुटा काढून तपासल्याशिवाय तर कोणत्याच किमतीला नाही.

किमतीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. आपण खान्देशातली माणसं सोनं जाणतो. बाईच्या हातात पाटली दिली की ती वजन अंदाजानं सांगते. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, मोड द्यायला गेलं तर घट वजा करून पैसे हातात पडतात. म्हणून आपल्याला वाटतं, हिऱ्याचंही तसंच असणार: २०१४ ला लाखाचा होता, तर आता सोन्यासारखा वाढून तीन-चार लाखांचा झाला असेल. तसं झालेलं नाही.

काकांचं बिल उलगडून बघा. त्या वर्षी दहा ग्रॅम शुद्ध सोनं साधारण २८ हजारांच्या आसपास होतं. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, म्हणजे ५.९०० ग्रॅमचे तेव्हा जेमतेम साडेबारा हजार झाले. मजुरी आणि कर मिळून पाच-साडेपाच हजार धरा. उरलेले १ लाख ८ हजार रुपये एकट्या हिऱ्याचे. आता आजचा हिशोब करू. सोपं जावं म्हणून शुद्ध सोनं ग्रॅमला १२ हजार धरतो. तुम्ही त्या जागी त्या दिवशीचा भाव घाला. ५.९०० ला ७५ टक्क्यांनी गुणलं की ४.४२५ ग्रॅम शुद्ध सोनं, त्याचे ५३ हजार. बिलात सोनं एक दशांशही नव्हतं, आज अंगठीच्या वाजवी किमतीचा (ती पुढे काढतो) निम्म्याहून मोठा भाग सोन्याचाच आहे. काका १ लाख २० हजार सांगताहेत ते हिऱ्याच्या जिवावर, पण किमतीला आधार दिलाय तो सोन्यानं.

हिऱ्याची आजची किंमत बिलावरून काढता येत नाही. ती अशी काढा. बिलात रंग 'जी' (जवळपास पांढरा) आणि स्वच्छता 'व्हीएस' (आतले डाग फार बारीक) लिहिलीय असं तुम्ही कळवलंय. तेवढ्याच वजनाचा, त्याच रंगाचा, त्याच स्वच्छतेचा, नैसर्गिक, प्रमाणपत्रासह नवा सुटा हिरा केवढ्याला पडेल, हे तीन-चार ठिकाणी विचारा. जळगावात एक, धुळ्यात एक, आणि प्रमाणपत्रासह ऑनलाइन विकणाऱ्या दोन ठिकाणी. समजा उत्तर ७० हजारांच्या आसपास आलं. मग काकांची अंगठी आज नवी करायची तर सोन्याचे ५३ हजार, हिऱ्याचे ७०, मजुरी ९, वर ३ टक्के जीएसटी, असे १ लाख ३६ हजार होतात. दोन लाख नाहीत. आणि नव्या अंगठीबरोबर प्रमाणपत्र येतं, दुकानाची बदलून देण्याची हमी येते. ती सगळी सोय सोडून फक्त सोळा हजार वाचवायला कुणी वापरलेली अंगठी घेऊ नये.

मग द्यावे किती? नव्याच्या भावाच्या ५० ते ६० टक्के, हा माझा जुन्या हिऱ्याचा नेहमीचा हिशोब, तोही हिरा तपासून बिलाशी जुळला तरच. म्हणजे इथं ३५ ते ४२ हजार. सोन्याचे घट वजा करून ५२ हजार. एकूण ८७ ते ९४ हजार. मजुरीचे वेगळे द्यायचे नाहीत. मजुरी पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर संपते.

काकांना हा आकडा ऐकून वाईट वाटेल, म्हणून त्यामागचं कारण त्यांना नीट समजावून सांगा. त्यांनी हीच अंगठी बाजारात नेली तर सराफ हिऱ्याचे याहून कमी देईल. तो लबाड आहे म्हणून नव्हे. त्याला हवा तो हिरा सुरतेहून किंवा मुंबईहून प्रमाणपत्रासह जांगडवर मिळतो. गिऱ्हाईक आलं तर पैसे, नाही तर माल परत. मग रोख मोजून, प्रमाणपत्राशिवायचा एकुलता एक दगड तो तिजोरीत का ठेवील? व्यापाऱ्यांमध्ये आपापसात भाव ठरतो तो 'रॅपापोर्ट' नावाच्या, दर आठवड्याला निघणाऱ्या भावाच्या यादीवरून, आणि सौदा बहुतेक वेळा त्या यादीच्या बराच खाली होतो. दुकानातल्या काचेखालची किंमत आणि व्यापाऱ्याची किंमत यांत जेवढं अंतर आहे, तेवढं जुना हिरा विकणाऱ्याचं नुकसान असतं. तुम्ही आणि काका थेट व्यवहार करताय, म्हणून ते अंतर दोघांना वाटून घेता येतं. त्यांना सराफापेक्षा जास्त मिळतील, तुम्हाला दुकानापेक्षा कमी पडतील. घरगुती विक्रेत्याकडून घेताना जीएसटीही लागत नाही.

आता हिरा खरा कसा ओळखायचा ते.

फुंकर मारून वाफ बघणं, पाण्यात टाकणं, पेपरातली अक्षरं दिसतात का बघणं, हे सगळं सोडून द्या. काच ओळखायला ते पुरतं, पण आज कुणी काच विकत नाही. पेनासारखं एक टेस्टर मिळतं, टोक लावलं की पीं वाजतं. तेही दोन ठिकाणी फसतं. पहिलं म्हणजे मॉइसनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच एक खडा. हिऱ्यासारखीच ती उष्णता झटकन वाहून नेते, त्यामुळे नुसती उष्णता मोजणारं टेस्टर तिलाही हिरा म्हणतं. ती भिंगातून ओळखता येते: दहापटीच्या भिंगानं वरून थोडं तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं कधीच दिसत नाही. दुसरं ठिकाण जास्त अवघड आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

अमेरिकन डायमंड ज्याला आपण म्हणतो तो, म्हणजे झिरकोनिया, भिंगाखाली लगेच उघडा पडतो. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. यावल तालुक्यातल्या एक आजी नातवाबरोबर हिऱ्याच्या कुड्या घेऊन आल्या. त्यांच्या सासूच्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच्या. एका कुडीत सात हिरे, मागून बंद कोंदण, आत डांक, म्हणजे चमक वाढवायला खड्यामागं लावतात तो पातळ पत्रा, लावलेला. मी आधी कोमट पाण्यात कापूस ओला करून फक्त वरून पुसल्या. बंद कोंदणात पाणी शिरलं की डांक काळा पडतो, म्हणून अशा कुड्या कधी बुडवून धुवायच्या नाहीत आणि मशीनमध्ये तर घालायच्याच नाहीत. भिंग लावलं. तेरा हिरे जुन्या घाटाचे: माथा उंच, वरचा सपाट पैलू लहान, पैलू हातानं पाडलेले म्हणून एकसारखे नाहीत, पण प्रत्येक कड विळ्याच्या पात्यासारखी धारदार. चौदावा वेगळाच. फार स्वच्छ, फार रंगीबेरंगी चमक, आणि कडा चोखलेल्या खडीसाखरेसारख्या बोथट झालेल्या. आजी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हाऊ खडा नवा शे का?" झिरकोनिया बाजारात आला १९७६ च्या सुमाराला. सासूबाईंच्या कुडीत तो मुळात असणं शक्यच नव्हतं. मग त्यांनाच आठवलं, फिरकी बदलायला एकदा कुड्या दिल्या होत्या, आठवडाभर कारागिराकडे राहिल्या होत्या. कुणी केलं हे आता कळणार नाही. नातवानं कुड्या पुन्हा रुमालात बांधल्या तेव्हा आजींनी तो रुमाल त्याच्या हातून घेतला आणि स्वतःच्या कंबरेला खोचला.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या काकांवर विश्वास असणं आणि अंगठीत आज जो दगड आहे तो बिलातलाच असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काका शंभर टक्के खरे असतील. पण बारा-तेरा वर्षांत अंगठी कधी मोठी करायला, कधी पॉलिशला कुणाकडे गेली असेल. म्हणून प्रत्येक दगड असा तपासायचा की त्याची काहीही हकीकत आपल्याला माहीत नाही.

आता ती अवघड गोष्ट. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, ज्याला बाजारात लॅब ग्रोन किंवा सीव्हीडी म्हणतात, तो नकली नसतो. तोही कार्बनच, तेवढाच कठीण, तेवढाच चमकणारा. टेस्टर त्यालाही पीं वाजवतं आणि ते बरोबरच वाजवतं. भिंगानं माझ्यासारख्यालाही खात्रीनं सांगता येत नाही. पण त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या लहानशा हिश्श्याइतकी झालीय आणि परत विकायला गेलं तर हातात फारसं काही येत नाही. नैसर्गिक हिरे कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेले असतात. त्या काळात आतले नायट्रोजनचे अणू सरकत सरकत एकमेकांजवळ येतात. शंभरातल्या सुमारे ९५ नैसर्गिक हिऱ्यांत ही खूण सापडते. काही आठवड्यांत यंत्रात वाढलेल्या हिऱ्याला ती वेळच मिळालेली नसते. तपासणी यंत्र मुख्यतः हेच शोधतं. ज्या दगडात ती खूण नाही, त्याला यंत्र 'पुढच्या तपासणीला पाठवा' म्हणतं. तो नैसर्गिकही निघू शकतो, पण ते सांगायचं काम मोठ्या लॅबचं. आपल्या भागातल्या काही मोठ्या पेढ्यांकडे आता असं यंत्र असतं. दुकानात शिरतानाच स्पष्ट विचारा: "तुमच्याकडे टेस्टर आहे की नैसर्गिक-लॅब वेगळं करणारं यंत्र आहे?"

२०१४ चं बिल आहे म्हणजे लॅबचा नसणारच, असं तुमच्या मनात येईल. त्या काळात आपल्याकडच्या दुकानांत लॅबचे हिरे क्वचितच दिसत, हे खरं. तरी अंगठीतला दगड नंतर बदलला गेला असेल तर बिलाचं वर्ष काहीच सांगत नाही.

इथं सुरतेचा विषय काढायलाच हवा. आपल्या तापीकाठच्या माणसाला सुरत परकी नाही. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी गाडी थेट जाते, उधना-लिंबायतमध्ये बरीच वस्ती आपल्या लोकांची. जगातले दहापैकी नऊ हिरे तिथे घासले जातात असं सांगतात. त्यामुळे प्रत्येक गावात एक भाचा असा असतो जो हिऱ्याच्या कारखान्यात आहे आणि 'घरच्या भावात' आणून देतो. भाचा प्रामाणिक असतो. पण घासणाऱ्याला घासायचं कळतं, दगड कुठून आला ते त्यालाही पुडीवर लिहिलेलंच माहीत असतं, आणि लॅबचे हिरेही त्याच सुरतेत, कधी त्याच गल्लीत तयार होतात. कारखान्यातून पुडीत आलेला, बिल नसलेला हिरा घेऊ नका. तो चोरीचा निघाला आणि तुम्हाला तशी शंका यायला हवी होती असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली प्रकरण तुमच्यावर येऊ शकतं. स्वस्तात मिळाला हेच मग पुरावा म्हणून समोर ठेवलं जातं.

प्रमाणपत्राचं आता बघू. काकांना सांगा, दुकानाकडे जुनी नोंद असू शकते. प्रमाणपत्राचा नंबर मिळाला तर अर्धं काम झालं. जीआयए असो की आयजीआय (हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या या संस्था), नंबर टाकला की त्यांच्या संकेतस्थळावर मूळ नोंद दिसते. बऱ्याच हिऱ्यांच्या कमरेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो त्या कडेवर, तोच नंबर लेझरनं कोरलेला असतो. भिंगानं, हिरा हळूहळू फिरवत वाचावा लागतो. पण नंबर जुळला म्हणून थांबू नका. लॅबच्या हिऱ्यावर नैसर्गिक हिऱ्याचा नंबर कोरल्याची प्रकरणं खुद्द जीआयएनं उघड केली आहेत. त्यासाठी व्यास, उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, वजन सेंटच्या हिशोबात आणि आतल्या डागांची जागा, सगळं ताडून बघायचं. एक डाग जरी जागेवर सापडला नाही तर सौदा थांबवायचा. दुकानानं स्वतःच छापलेलं चकचकीत कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. काही कार्डांवर हिरा रंगात एक-दोन पायऱ्या वर दाखवलेला असतो आणि बिल त्याच पायऱ्यांवर लावलेलं असतं. अंगठीवरचा सहा अक्षरी एचयूआयडी (आताच्या हॉलमार्कचा नंबर) किंवा जुना हॉलमार्कही फक्त सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

प्रमाणपत्र नाहीच मिळालं तर नवं काढा. हिरा जडवलेला असताना आयजीआय अहवाल देते, पण त्यात रंग-स्वच्छता अंदाजे असते. पिवळ्या सोन्यात हिऱ्याची पिवळट छटा लपते आणि एखादी चीर बरोबर नखाखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या आकड्याखाली, दडलेली असू शकते. जीआयएला सुटा हिरा लागतो. दोघांच्याही प्रयोगशाळा मुंबईत आणि सुरतेत आहेत, आणि सराफामार्फत पाठवता येतं. हिऱ्याच्या किमतीपुढे फी किरकोळ आहे. ती अर्धी अर्धी वाटून घ्या, म्हणजे काकांनाही अपमान वाटणार नाही. अहवाल आला तर पुढे त्यांनी कुणालाही विकली तरी त्यांच्या कामाला येईल.

सुटा का काढायचा, याचं अजून एक कारण मला स्वतःला फार महाग पडलं आहे. धंद्यात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून जडवलेली अंगठी घेतली, ७० सेंटचा दगड, भिंगाखाली जवळपास स्वच्छ. गिऱ्हाइकाच्या बोटाला ती लहान होती, म्हणून कारागिराकडे मोठी करायला दिली. कारागिरानं झाळ मारली, आणि दगडात टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, एका कडेपासून खालपर्यंत दुधाळ जाळं उमटलं. तो हिरा आतून चिरलेला होता आणि चिरेत काचेसारखा पदार्थ भरून ती लपवली होती. उष्णतेनं तो पदार्थ गेला. गिऱ्हाइकाला मी दुसरा हिरा घालून दिला आणि पुढचं वर्षभर ते नुकसान फेडलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय: हिरा भिंगाखाली सगळ्या बाजूंनी सावकाश कलवायचा. भरलेली चीर एका ठराविक कोनात जांभळट किंवा नारिंगी झळक देते, पाण्यावर पेट्रोलचा थेंब पडल्यासारखी. तुमच्या नवरदेवाच्या बोटाचं माप काकांच्या बोटाएवढं असणार नाही, म्हणजे झाळ लागणारच. म्हणून ही तपासणी आधी.

बघायला जाताना काय करायचं ते सांगतो. सकाळी जा, दिवसाच्या उजेडात, पण उन्हात नको. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कोणताही दगड नाचतो. आधी अंगठी कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ जुन्या ब्रशनं धुवून घ्या. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, वर्षानुवर्षं वापरलेल्या अंगठीत मागं एक थरच बसलेला असतो, आणि त्या थराखाली चीरही लपते आणि चांगला हिराही मंद दिसतो. रंग बघायचा तर पांढरा कागद मधोमध दुमडून त्याच्या घडीत हिरा उलटा ठेवून बाजूनं बघतात. जडवलेल्या अंगठीत हे नीट होत नाही. मापासाठी एक अंदाज लक्षात ठेवा: नीट घाटाचा गोल ५० सेंटचा हिरा वरून साधारण ५.२ मिलिमीटर रुंद असतो. ४.६ भरला तर वजनात गडबड आहे किंवा हिरा उगाच खोल घासलाय. झिरकोनिया हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो, म्हणून सुटा काढल्यावर ५.२ मिलिमीटरचा दगड काट्यावर ८० सेंटच्या घरात गेला तर पुढे काही विचारायचं राहत नाही. कमरेवर कपचा उडालाय का बघा. उडाला असेल तर पुन्हा घासण्यात वजन घटतं, आणि ५० सेंटचा ४८ झाला की भाव नुसता दोन सेंटनं उतरत नाही, तो खालच्या वजनगटात जातो.

हिरा काढायचं काम दोघांच्या समोर, ज्याच्याशी काकांचा किंवा तुमचा आधीचा व्यवहार नाही अशा सराफाकडे. काढल्यावर वजन आणि माप लिहून घ्या, मोबाइलवर जवळून फोटो काढा, पुडी बांधून चिकटपट्टीवर दोघांच्या सह्या. लॅबला जाईल तो या पुडीतून, परत येईल तो त्याच मापाशी ताडून. एवढं केलं की नंतर 'माझा हिरा बदलला' असं म्हणायची वेळ कुणावरच येत नाही. ओळखीत असे व्यवहार बिघडतात ते याच एका ठिकाणी.

कागदांचं थोडक्यात. काकांकडून सहीची पावती घ्या, त्यात अंगठीचं वर्णन, वजन, हिऱ्याचं माप, मूळ बिलाचा नंबर आणि 'ही माझ्या मालकीची आहे, कुठे गहाण नाही' एवढं एक वाक्य. गहाणाचं मुद्दाम म्हणतो, कारण आपल्याकडे बँक आणि पतसंस्थेत दागिने ठेवायची पद्धत घराघरांत आहे आणि कधी कधी बायकोनं ठेवलेलं नवऱ्याला माहीत नसतं. बिल काकांच्या नावावर आहे हे चांगलं आहे. बाईचा दागिना तिचा नवरा किंवा मुलगा विकत असेल तर तिची सही असल्याशिवाय हात लावू नये. स्त्रीधन तिचंच, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येही स्पष्ट केलंय. वारसानं आलेल्या दागिन्यात तर बहिणींची संमती आधी विचारावी. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, तुमचा व्यवहार त्याखाली आहे, तरी खात्यातली नोंद हाच उद्याचा पुरावा.

अजून एक गोष्ट, जी दुकानात कुणी बोलत नाही पण घरी गेल्यावर निघते. वापरलेला हिरा नवरदेवाला घालायचा का, तो लाभतो का, हे आपल्या घरांत विचारलं जातं. माझं स्वतःचं मत वेगळं असलं तरी मी कुणाच्या श्रद्धेला नाव ठेवत नाही. व्याह्यांकडे हे चालतं का, ते टोकन देण्याच्या आधी विचारा. साखरपुड्यानंतर कुजबुज सुरू झाली तर अंगठी कपाटात जाईल, आणि मुलीला ते आयुष्यभर ऐकावं लागेल. चालत नसेल तर काकांना तसं मोकळेपणानं सांगा, त्यांनाही पटेल.

चालत असेल तर काकांना ९० हजार सांगा, अहवालाच्या अटीवर. अहवालात रंग 'जी'चा 'आय' निघाला किंवा स्वच्छता 'एसआय' निघाली, म्हणजे प्रत बिलापेक्षा खालची निघाली, तर त्या प्रतीच्या नव्या हिऱ्याचा भाव विचारून तोच ५०-६० टक्क्यांचा हिशोब पुन्हा लावा. लॅबचा निघाला तर सोन्याचे ५२ हजार आणि वर तुमच्या मनाला येतील तेवढे दोन-पाच हजार, त्याहून नको. बिलाप्रमाणेच निघाला आणि काका ९४ वर अडले तर अडून बसू नका, द्या. ९५ च्या वर गेले तर नमस्कार करून उठा.

अंगठी घेतलीत तर माप वाढवताना हिरा परत बसवण्याआधी कारागिराला नखं बघायला सांगा. दहा-बारा वर्षं रोज वापरलेल्या अंगठीची नखं खिशाला, पोत्याला, गाडीच्या हँडलला घासून झिजलेली असतात. बोटानं हलवून कळत नाही. कानाजवळ धरून अंगठीवर बोटाच्या नखानं टिचकी मारा. बारीक खडखड ऐकू आली तर हिरा सैल आहे. नखं नवी करून घ्यायला हजार-दीड हजार लागतील.